मदत हवी आहे: बीसीजीनंतर काखेत गाठ, लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी (नागपूर)

मुलगा अडीच महिन्यांचा. जन्मल्यावर बीसीजी आणि पोलिओचे थेंब झाले, सहाव्या आठवड्याला पुन्हा पोलिओ आणि रोटाव्हायरस. आता डाव्या काखेत आवळ्याएवढी गाठ, टोचलेली जागा अजून ओलीच, तोंडातला पांढरा थर औषधानं जातो आणि परत येतो. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) लिम्फोसाइट फक्त 900, दोनदा तपासलं. एचआयव्ही निगेटिव्ह. बायकोचा सख्खा भाऊ सहा महिन्यांचा असताना न्यूमोनियानं गेला होता, त्यामुळे डॉक्टरांना एससीआयडीची (जन्मतःच प्रतिकारशक्ती जवळजवळ नसण्याचा आनुवंशिक आजार) शंका आहे. पुढच्या जिवंत लसी (कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या, पोलिओच्या थेंबांसारख्या) थांबवल्यात. रक्त द्यायची वेळ आली तर इरॅडिएटेडच (किरणांची प्रक्रिया केलेलं), असं फाइलवर लाल पेनानं लिहून घेतलंय. (गाठ शेकायची नाही, हे आजीलाही सांगून झालं.)

औषधांचा सल्ला नको, ते डॉक्टर बघताहेत. फ्लो सायटोमेट्रीसाठी (रक्तातल्या पेशींचे प्रकार मोजणारी तपासणी) मुंबईच्या एनआयआयएचला (रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या आजारांवरची सरकारी संशोधन संस्था) नमुना पाठवायचाय. रक्त ताजं लागतं, आणि बाळाला गर्दीच्या गाडीतून न्यायची हिंमत होत नाही. नागपुरातून कुणी पाठवलं असेल तर नेलं कोणी, डब्यात बर्फ ठेवला की नाही, किती तासांत पोचलं?

आणि थोरली चार वर्षांची आहे. घरात असं बाळ असताना तिला पोलिओचे थेंब नकोत, इंजेक्शनच हवं, हे दारावर येणाऱ्या पल्स पोलिओवाल्या ताईंना तुम्ही कसं पटवलंत?