बारावीचं केंद्र: सगळ्यांनाच कॉपी हवी असते का?

तासिकावाला

नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. यंदा पहिल्यांदाच बारावीला पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली. इंग्रजीच्या पेपराला पंचवीस पोरांचा ब्लॉक. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, खिडकीच्या गजातून एक हात आत आला. हातात बोटभर रुंदीची मायक्रो झेरॉक्स. मी ती काढून घेतली आणि खिशात टाकली, बस. कुणाला उठवलं नाही, भरारी पथकाला कळवलं नाही. बाहेरचा माणूस पळालासुद्धा नाही. उलट म्हणाला, "सर, ती तिसऱ्या बाकावरची आहे."

हा माणूस आमच्या गल्लीत दूध घालतो. महिन्याच्या हिशोबात चुकून वीस रुपये जास्त आले तर दुसऱ्या दिवशी दारात येऊन परत देणारा. पुतण्या माझ्या ब्लॉकमध्ये होता.

पेपर सुटल्यावर स्टाफरूममध्ये चहा आला. मी बसलो तिथली शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. भांडलं कुणी नाही. एक ज्येष्ठ सर, ज्यांना मी मनापासून मानतो, तेवढं बोलले, "लेकरांचं नुकसान करून तुला काय भेटणार आहे बाबा?" बाकीच्यांनी बशीत बघितलं.

प्रश्न दोन. एकेकट्याने भेटलं की ही सगळी भली माणसं आहेत. मग केंद्रावर एकत्र आली की असं कसं होतं? आणि दुसरा, जरा स्वार्थी: गणिताचा पेपर अजून व्हायचाय. मी काय करू?

---

निवृत्तगणित

बाळा, आधी त्या ज्येष्ठ सरांवर रागावू नकोस. त्यांच्या डोक्यातला हिशोब मी सांगतो, कारण तो मी तीन दशकं ऐकलाय. निकाल पडला की पुढच्या जूनला पट, म्हणजे पोरांची संख्या, घसरतो, कारण पालक पोरं शेजारच्या गावी घालतात. पट घसरला की तुकडी जाते. तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवताना, कुठल्या कोपऱ्यात जाईल त्याचा नेम नाही. आणि शेजारच्या गावचा निकाल कसा लागतो हे तर सगळ्यांनाच ठाऊक. म्हणजे "आपण एकट्यानेच का मरायचं?" हा प्रश्न लबाडीचा नाही, भीतीचा आहे.

आता पालकांचं. कॉपी पुरवणारा बाप पोराला कॉपीबहाद्दर समजत नाही. त्याच्या मते बाकी सगळ्यांच्या पोरांना मिळतेय, माझ्याच पोराने काय पाप केलं? खिडकीपाशी येताना त्याला चोरी करतोय असं वाटतच नाही. शेजाऱ्याच्या शेतातलं कणीस तो तोडणार नाही. पण इथे शेतच कुणाचं नाही, आणि गावातले पन्नास जण आधीच आत शिरलेत.

मी एकदा हे थांबलेलं जवळून पाहिलंय. २०१० च्या आसपास नांदेडला डॉ. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी होते, तेव्हा कॉपीमुक्तीची मोहीम झाली. नांदेड पॅटर्न म्हणून पुढे तिचं नाव राज्यभर झालं. पहिल्या फटक्यात निकाल कोसळले, ओरड झाली. लोक म्हणतात धाक बसला. धाक होताच. पण मला विचारशील तर मास्तरांना त्यातून एक वेगळीच गोष्ट मिळाली: निमित्त. गावातला माणूस आला की सांगता यायचं, "बाबा, माझ्या हातात काही राहिलं नाही, वरूनच कडक आहे." माझ्या ओळखीचे कितीतरी मास्तर हे वाक्य म्हणताना चक्क खुश दिसायचे. वर्षानुवर्षं त्यांना नाही म्हणायचं होतं, फक्त नाही म्हणणारे आपण ठरू नये एवढंच होतं.

आणि नुसत्या धाकाचं काय होतं ते उत्तर प्रदेशात दिसलं. १९९२ ला कल्याण सिंहांच्या सरकारने कॉपीविरोधी कायदा आणला, परीक्षेत कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा. त्या वर्षी दहावीचा निकाल १४.७० टक्के लागला. शाळकरी पोरं कोठडीत गेली. मग सरकार बदललं, नव्या सरकारने कायदा मोडीत काढला, आणि गाडी पूर्वपदावर. बिहारचंही तसंच, २०१५ ला वैशाली जिल्ह्यात चार मजली भिंतीला लटकलेल्या नातेवाइकांचा फोटो जगभर गेला. त्या साली दहावीचा निकाल ७५ टक्के होता, पुढच्या वर्षी कडक केल्यावर ४७ च्या आत. त्या अठ्ठावीस टक्क्यांत किती पोरं खरोखर ढ होती आणि किती जणांना वर्षभर कुणी शिकवलंच नव्हतं, हे कुणी मोजत नाही.

गणिताच्या पेपराचं संध्याकाळी लिहितो, दवाखान्यात जायचंय.

---

मानसशास्त्राची_बाई

निवृत्तगणित सरांचं "निमित्त" मला फार आवडलं. आमच्या विषयात त्याच्या आसपास बरंच काम झालंय.

सॉलोमन ॲश यांचा १९५० च्या सुरुवातीचा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण अर्धाच. खोलीत सात-आठ जण, समोर रेघा, कुठली रेघ कुठल्या रेघेएवढी ते सांगायचं. एक सोडून बाकी सगळे आधीच फितवलेले, ठरवून चूक उत्तर देणारे. त्या एकट्याने साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढ्या वेळा डोळ्यांदेखत चूक असलेलं उत्तर दिलं. इथवर सगळे सांगतात. पुढचा भाग असा: फितवलेल्यांपैकी फक्त एकाला बरोबर उत्तर द्यायला सांगितलं, तर त्या एकट्याचं चुकणं आधीच्या एक चतुर्थांशावर आलं. गर्दी तेवढीच, फक्त सोबतीला एक माणूस. पण हा सोबती मध्येच पलटून बहुमताकडे गेला, तर बिचारा एकटा पुन्हा पहिल्याएवढाच चुकायला लागतो. म्हणून तासिकावाले, गणिताच्या पेपराआधी तुम्हाला एकच गोष्ट शोधायचीय: एक सहकारी. पंधरा नको. मात्र तो अर्ध्यातून पाय मागे घेणारा नको.

दुसरं, समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ ला मांडलेलं गणित. चौकात शंभर माणसं आहेत असं धरा. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड मारतो. दुसरा एकाने मारल्यावर मारतो, तिसरा दोघांनी मारल्यावर, असं करत शंभरावा नव्व्याण्णवांनंतर. दंगल होते, शंभरही जण सामील. आता त्यातला फक्त दुसरा माणूस बदला, त्याला दोघांची वाट बघायला लावा. एक दगड पडतो आणि सगळं थांबतं. वर्तमानपत्रात पहिल्या गावाला दंगलखोर म्हणतील, दुसऱ्या गावाबद्दल लिहितील की कुणा माथेफिरूने काच फोडली. माणसं जवळपास तीच. तुमच्या केंद्रावर शंभरावा कोण ते बघू नका, तो दूधवाला आहे. दुसरा कोण ते बघा.

तिसरं जरा चिडून लिहितेय. दरवर्षी फेब्रुवारीत बातम्या येतात, "जिल्ह्यात कॉपीचा सुळसुळाट". अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीची दगड झालेली लाकडं आहेत, पर्यटक त्यांचे तुकडे उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे पाट्या लावून बघितल्या. "आधीच्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललंय" अशी पाटी लावली तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास आठ टक्के गायब झाले. "कृपया नेऊ नका" एवढंच लिहिलं तेव्हा दोन टक्क्यांच्या आत. सुळसुळाटाची बातमी वाचून बापाला एवढंच कळतं की बाकीचे करतायत.

---

तिसरं_बाक

मी बाकाच्या बाजूने सांगते. आता नर्सिंग करते, नागपूरला.

आमच्या केंद्रावर चिठ्ठी एका रांगेत मागून पुढे यायची. पहिल्या बाकाला जी लागेल ती ठेवायची, बाकी परत मागे. माझा अभ्यास झालेला होता, मला चिठ्ठीची गरज नव्हती. पण चिठ्ठी माझ्यापर्यंत आली आणि मी हात पुढे केला नाही तर पुढच्या दोघींची अडकायची. म्हणून मी घ्यायचे, पॅडखाली एक मिनिट ठेवायचे, वाचल्यासारखी मान खाली घालायचे आणि पुढे द्यायचे. न घेणारी म्हणजे शहाणी, न घेणारी म्हणजे उद्या सरांना सांगणारी. पाच पेपर असं नाटक केलं.

निकालानंतर मैत्रिणींच्या घरी जेवायला जमलो होतो. तेव्हा कळलं, पुढच्या बाकावरची पण वाचत नव्हती. तिला वाटायचं मला हवी असते म्हणून ती माझ्याकडून घेऊन परत मागे द्यायची. आम्ही दोघी एकमेकींसाठी कॉपी करत होतो. हसून हसून पोळी घशात अडकली होती तेव्हा.

सर, तुमच्या ब्लॉकमध्ये पंचवीसपैकी पंचवीस कॉपीवाले नसतात. पण असं नाटक करणाऱ्यांना तुम्ही बाहेरून ओळखूच शकणार नाही.

---

खरं_बोलू_का

मानसशास्त्र ठीक आहे हो. पण प्रश्नकर्ता तासिका तत्त्वावर आहे. जूनमध्ये त्याला पुन्हा तास द्यायचे की नाही हे कोण ठरवतं? तीच संस्था, जिला निकाल हवाय. सोबती शोधायचा म्हणजे दोघांनी घरी बसायचं. १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा चाळीस वर्षांहून जुना आहे, कुठे दिसला का तुम्हाला तुमच्या केंद्रावर? मी असतो तर गणिताच्या दिवशी आजारी पडलो असतो.

---

तासिकावाला

@खरं_बोलू_का, आजारी पडायचा विचार माझ्याही मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू. पण माझ्या जागी दुसरा तासिकावालाच बसवतील आणि त्याच्यापुढे तोच चहा येईल.

हिंदीच्या मॅडमशी काल बोललो. त्या पूर्णवेळ आहेत, घरचं बरं आहे, त्यांना तेवढी भीती नाही. हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटायचं तुम्हा नवीन पोरांना चालतं हे सगळं." मग थोडं थांबून विचारलं, तुमचा ब्लॉक कुठला. माझ्या शेजारचाच निघाला. बघू.

@तिसरं_बाक, तुमचं वाचून इंग्रजीच्या ब्लॉकमधली पोरं पुन्हा डोळ्यासमोर आणली. एक मुलगी सतत पॅड सरकवत होती. आता वाटतं...

---

निवृत्तगणित

दवाखान्यातून आलो, रक्तदाब ठीक.

गणिताच्या दिवशी हे कर. पाऊण तास आधी जा. पहिली घंटा व्हायच्या आधी, पोरं बसली की, आवाज न चढवता सांग: "ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी दाराजवळच्या खोक्यात टाका. मी कुणाचं नाव बघणार नाही, पेपर वाटल्यावर मात्र बघेन." आणि पाठ करून फळ्यावर केंद्र क्रमांक लिहीत राहा. पाठ करणं महत्त्वाचं. तिसऱ्या बाकावरच्या पोरीसारख्या ज्या असतील त्यांना तेवढीच संधी हवी असते. त्याच वेळी मॅडमनेही शेजारी तेच सांगितलं पाहिजे. दोन ब्लॉकमध्ये एकदम झालं की तो तुझा विक्षिप्तपणा राहत नाही.

सरळ पथकाला फोन करायचा सल्ला मी देणार नाही, निदान या पेपराला नाही. पोर रस्टिकेट झालं तर दूधवाल्याच्या घरी कॉपी वाईट ठरणार नाही, तू वाईट ठरशील. ज्येष्ठ सरांशी मात्र आदल्या दिवशी बोल. परवानगी मागू नकोस, नुसतं कानावर घाल. त्यांना निमित्त दे. "सर, यंदा मंडळ कडक आहे, पोरगं नवीन आहे, ऐकत नाही" हे वाक्य त्यांना गावात वापरता आलं पाहिजे.

---

तासिकावाला

सर, खोक्याचं जमेल. खिडक्या बंद ठेवू का? वर पत्रे आहेत, मार्चचा उकाडा. पालक ओरडतील की पोरांना गुदमरवलं.

---

निवृत्तगणित

खिडक्या उघड्याच ठेव. बाकं भिंतीपासून चार फूट आत घे, शिपायाला सकाळीच सांगून ठेव. हात आत येईल, पण बाकापर्यंत पोचणार नाही. आणि जमिनीवर पडलेलं उचलायला पोराला उठावं लागतं, ते पंचवीस जणांसमोर उठत नाही. मॅडमच्या ब्लॉकचीही बाकं हलवून घे.