अर्पेजिएटरवर ड्रमचा ठेका बसत नाही

प्रश्न: अर्पेजिएटर (दाबून धरलेले स्वर एकेक करून फिरवत वाजवणारी सोय) लावून कीबोर्डवर किक (मिडी स्वरक्रमांक 36), स्नेअर (38), हायहॅट (42) एकत्र दाबून धरतो. ठेका दर फेरीत सरकतो, मधूनच टॉमटॉम वाजतात. काय करू?

उत्तर १: अर्पेजिएटरचा ऑक्टेव्ह (स्वर किती सप्तकांत फिरवायचे ते) 1 वर आणा. 2 वर असेल तर 12 स्वर वरचे 48, 50, 54 वाजतात. जनरल मिडीत (कोणत्या क्रमांकावर कोणता आवाज हे ठरवणाऱ्या मानकात) ते दोन टॉम आणि टँबुरिन. ठेका सरकतो कारण तीन पट्ट्या म्हणजे तीन पायऱ्या, चारच्या चालीत त्या बसणार कशा? चौथी पट्टी हवी. 44 हाही हायहॅटच, पायाने मिटलेला. मोड 'ऑर्डर' (दाबलेल्या क्रमाने वाजवणारा) ठेवा, गती 1/8 (एका ठोक्यात दोन पायऱ्या), आणि याच क्रमाने दाबा: 36, 42, 38, 44. 'अप' मोड स्वर चढत्या क्रमाने लावतो, त्यात किकनंतर लगेच स्नेअर येतो.

उत्तर २: एक पट्टी फेरीत एकदाच वाजते, म्हणून तोच आवाज दोन-तीन पट्ट्यांवर लावून ठेवा. दादऱ्याला धा धी ना धा ती ना सहा सलग पट्ट्यांवर भरा. मग 'अप'सुद्धा चालतो. सॅम्पल (पट्टीवर भरलेले आवाज) 'वन-शॉट', म्हणजे सुरू झाले की पूर्ण वाजणारे हवेत, नाहीतर गेट (प्रत्येक स्वर धरण्याचा वेळ) लहान असला की धाची आस तुटते. हे फार खटकतं!