सलाईन कमी केलं म्हणजे लेकराला सुकवलं?

रात्रपाळी_निवासी: कालच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ‘व्हायरल न्यूमोनियाच्या मुलाचं सलाईन कमी करून डॉक्टरांनी त्याला सुकवलं.’ राहवलं नाही. वजनावरून रोजचं पाणी काढायच्या १९५७ च्या हॉलिडे-सेगर सूत्राने १२ किलोच्या मुलाला दिवसाला ११०० मिली लागतात. पण फुप्फुस इतकं आजारी असलं की एडीएच (शरीरात पाणी राखणारं संप्रेरक) वाढतं, मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. तरी पूर्ण ११०० सोडलं की सोडियम उतरतं, भिजलेलं फुप्फुस आणखी भिजतं. म्हणून दोन तृतीयांश, तेही नॉर्मल सलाईन-डेक्स्ट्रोज, म्हणजे रक्ताइतक्या सोडियमचं, साखर घातलेलं.

जुना_बालरोगवाला: दोन तृतीयांशाचा जप पुरे! श्वास मिनिटाला ७०, तीन दिवस घोटभर दूध नाही, असं मूल सुकूनच येतं. तिथे हात आखडलात की लघवी बंद. पाहिलंय मी.

रात्रपाळी_निवासी: पाण्याची तूट भरू नका असं कुठे म्हटलं? फक्त भराभर बोलस, म्हणजे थोड्या वेळात एकदम भरपूर सलाईन, देऊ नका. आफ्रिकेतली २०११ ची फीस्ट चाचणी बघा: ३१४१ मुलं, ४८ तासांत बोलसवाल्यांत साडेदहा टक्के दगावली, बाकीच्यांत ७.३.

जुना_बालरोगवाला: त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता, व्हेंटिलेटर हाताशी नव्हते. ते आकडे इथे चिकटवू नका.

लेकीची_आई: माझ्या लेकीला कमी सोडियमचं सलाईन पूर्ण वेगाने चालू होतं. दुसऱ्या रात्री पापण्या सुजल्या, मोज्याचा वळ पायावर तसाच राहिला. ‘झोपेने सुजल्यात,’ म्हणाले. पहाटे झटका आला. सोडियम १२१, फारच खाली.

वॉर्ड_सिस्टर: सूत्रं राहू द्या, वजन कोण करतं? कागदावर ‘अंदाजे १० किलो’ आणि त्यावर सगळा हिशेब! अँटिबायोटिकचं पाणी, नळी धुवायचा फ्लश, कुणी हिशेबात धरतं का? ओल्या लंगोटाच्या वजनातून कोरड्याचं वजा करा, एक ग्रॅम म्हणजे एक मिली लघवी. दोघींनी अख्खा वॉर्ड सांभाळताना हे कधी करायचं?

जुना_बालरोगवाला: सिस्टर, धागा वजनकाट्याचा नाही.

वॉर्ड_सिस्टर: काट्याचाच आहे. तुम्ही लिहून निघून जाता, सूज आम्हाला दिसते.

जुना_बालरोगवाला: बरं, वजनाचं मान्य. कमी सोडियमची बाटली लावणं मीही बंद केलं, उशिराच. पण सरसकट दोन तृतीयांश लिहाल तर परत भांडेन.

रात्रपाळी_निवासी: सरसकट नाहीच. आधी तूट, मग रोज सोडियमची तपासणी, आणि श्वास जरा सावरला की नाकातल्या नळीने दूध.

लेकीची_आई: त्या रात्री मी काय म्हणायला हवं होतं?

वॉर्ड_सिस्टर: ‘पापण्या सुजल्यात, आत्ता वजन करा.’ आणि करेपर्यंत तिथून हलायचं नाही, ताई.