बेटांवरच्या साप्ताहिकांना सरकारी पैसा द्यावा का?

कंदील (धागाकर्ता):
ज्यांचा खप काही हजारांपलीकडे कधीच जाणार नाही, अशी बेटांवरची आणि दुर्गम खेड्यांतली वृत्तपत्रे निव्वळ बाजाराच्या भरवशावर सोडणे चुकीचे आहे, असे माझे मत आहे. शहरात एक दैनिक बंद पडले तर दुसरे मिळते. बेटावर ते मिळत नाही. बोटीचे बदललेले वेळापत्रक, शाळेतील एक शिक्षक कमी करण्याचा ठराव, गावातल्या वृद्धाची मृत्युवार्ता हा मजकूर राजधानीतले कोणतेही वृत्तपत्र छापणार नाही. नॉर्वे 1969 पासून लहान वृत्तपत्रांना थेट अनुदान देत आहे. जेमतेम साडेतीन हजार वस्तीच्या फॉकलंड बेटांवर 1979 पासून निघणाऱ्या 'पेंग्विन न्यूज'लाही सरकारी साह्य मिळते.

उलटतपासणी:
ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, हे संपादकांनाही लागू आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातील 'स्टॉर्म लेक टाइम्स'चे उदाहरण घ्या. सुमारे तीन हजार खपाच्या या वृत्तपत्राला 2017 मध्ये अग्रलेखांसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. शेतातील नायट्रेट नदीत उतरते, म्हणून डे मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांवर, दावा लावला होता, आणि त्या काउंट्यांच्या वकिलांचा खर्च कृषी क्षेत्रातील बडे हितसंबंध गुपचूप भागवत होते. या वृत्तपत्राने तो पैसा कोणाचा, हे सातत्याने विचारले. त्याचा कागद आणि छपाई त्यांपैकीच एका काउंटीच्या अनुदानावर चालत असती, तर ते अग्रलेख लिहिले गेले असते का?

कंदील:
अनुदान द्यावे म्हणजे ते स्थानिक परिषदेनेच द्यावे, असे मी म्हटलेले नाही. शिवाय आजची स्थिती स्वतंत्र आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. लहान जागी निविदा आणि जाहीर सूचना यांचे उत्पन्न परिषदेकडूनच येते, दुसरा मोठा जाहिरातदार बहुधा बोटसेवा चालवणारी कंपनी असते, आणि दोघांपैकी कोणीही रुसले तर पुढच्या महिन्याचे पगार अडतात. हा मिंधेपणा अनुदानाच्या आधीपासून आहे, फक्त तो कोठे नोंदवलेला नसतो. खपानुसार ठरलेल्या सूत्राने मिळणारा पैसा निदान कोणाच्या मर्जीवर तरी नसेल.

नांगर:
दोघेही मालकीविषयी बोलत नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर 1972 मध्ये सुरू झालेले 'वेस्ट हायलंड फ्री प्रेस' 2009 मध्ये तेथील कर्मचाऱ्यांनीच विकत घेतले. जमीनदारांविरुद्ध जमिनीचा प्रश्न लावून धरणारे हे साप्ताहिक. ते दूरच्या एखाद्या समूहाच्या हाती गेले असते, तर ती धार टिकली असती असे मला वाटत नाही. मात्र कर्मचारी मालक झाले म्हणून जाहिराती आपोआप वाढत नाहीत, हेही खरे.

उलटतपासणी:
मालकीचा मुद्दा मान्य आहे. पण छापील अंक आणि स्थानिक बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कॉटलंडच्याच शेटलंड बेटांवर 1872 पासून चालत आलेल्या 'शेटलंड टाइम्स'ने 1996 मध्ये संकेतस्थळावरून बातम्या देणाऱ्या 'शेटलंड न्यूज'ला न्यायालयात खेचले. आपलेच मथळे वापरून, मुखपृष्ठ वगळून, आपल्या संकेतस्थळाच्या थेट आतल्या पानांवर दुवे दिले जातात, ही 'टाइम्स'ची तक्रार होती. अंतरिम मनाई मिळाली आणि पुढे 1997 मध्ये तडजोड झाली. जुन्या वृत्तपत्राला पैसा मिळाला आणि नव्याला नाही, तर सरकारने त्या भांडणात एकाची बाजू घेतली, असाच त्याचा अर्थ होईल. सूत्र खपावर बांधलेत, तर ज्याचा खप नाही, फक्त वाचक आहेत, त्याचे काय करणार?

कंदील:
हा आक्षेप रास्त आहे, आणि खपाचे सूत्र मी मागे घेतो. त्याऐवजी परिषदेच्या सभेला प्रत्यक्ष हजर राहणाऱ्या वार्ताहराचा पगार हा निकष धरावा. मग ती बातमी कागदावर निघो वा पडद्यावर. सभेत कोणी बसलेलाच नसेल, तर दुवा कोणी कशाला द्यायचा?

उलटतपासणी:
पगाराची पावती मी मान्य करीन, पण तो वार्ताहर निवडायचा कोणी, हे आधी सांगा.