जर्सी छताला टांगायची तर पदवीची अट हवी का?

माळरान (धागाकर्ता)
अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या खेळाडूला मिळणारा सर्वांत मोठा मान म्हणजे त्याचा नंबर निवृत्त होणं. जर्सी स्टेडियमच्या छताला लागते, तो नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. निकष ज्याच्या त्याच्या विद्यापीठाचे. नॉर्थ कॅरोलायनात देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरावं लागतं. ड्यूकमध्ये तेवढ्यावर भागत नाही, पदवीही लागते. म्हणून १९९९ मध्ये देशात सर्वोत्तम ठरलेला एल्टन ब्रँड तिथे वर नाही. दुसऱ्या वर्षानंतर तो एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला. झायन विल्यमसन एकच वर्ष राहिला, तोही नाही. जे विल्यम्सने मात्र तीन वर्षांत पदवी पुरी केली आणि त्याचा २२ नंबर छताला लागला.

मला ही अट मनापासून पटते. हा क्लब नाही, विद्यापीठ आहे. बास्केटबॉलपटू शकील ओनीलने १९९२ मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठ सोडलं, अमाप पैसा कमावला, तरी आईला दिलेल्या शब्दापायी २००० मध्ये पदवी पूर्ण केली. अशा माणसाची जर्सी वर बघताना वेगळंच वाटतं.

तिठा
अजिबात पटलं नाही. १९ वर्षांच्या मुलासमोर कोट्यवधींचा करार आहे आणि उद्या गुडघा गेला तर सगळं संपणार आहे. घरची परिस्थिती बेताची. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं की थांब, परीक्षा दे? शिवाय २०२१ च्या जुलैपर्यंत या मुलांना स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवायची परवानगी नव्हती. यूसीएलएला (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) १९९५ चं विजेतेपद मिळवून देणारा एड ओबॅनन आठवा. मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये त्याला तो स्वतःच दिसला: डावखुरा, टक्कल केलेला, ३१ नंबर. गेम विकला जात होता, त्याला छदाम नाही. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. त्याचा ३१ नंबर यूसीएलएने छताला लावलाय. ज्यांनी तिकिटं खपवली, त्यांच्याकडे वर आणखी पदवीचा कागद मागायचा?

आयोवाकर
मी आयोवातच राहतो म्हणून लिहितो. आमच्या आयोवा विद्यापीठाचं स्टेडियम, कार्व्हर-हॉकाय अरीना, टेकडीच्या पोटात खणलेलं आहे. रस्त्यावरून आत शिरलात की तुम्ही सर्वांत वरच्या रांगेपाशी असता आणि मैदान खाली खोल दिसतं. २ फेब्रुवारी २०२५ ला आमची खेळाडू केटलिन क्लार्कचा २२ नंबर निवृत्त झाला. कॉलेजचा शेवटचा सामना खेळून तिला जेमतेम दहा महिने झाले होते. त्याच दिवशी आमच्या मुलींनी देशात चौथ्या असलेल्या सदर्न कॅलिफोर्नियाला ७६-६९ ने हरवलं. माझी मुलगी नववीत आहे, आजही खोलीत २२ नंबर लावून झोपते.

बापू शिवणीकर
आयोवाकर, आनंद समजू शकतो, पण दहा महिने म्हणजे घाईच. विजेतेपद एकदाही नाही. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात हार. आणि मिशिगनचं काय झालं? १९९२ आणि १९९३ चे फायनल फोरचे (देशातल्या शेवटच्या चार संघांत पोहोचल्याचे) बॅनर २००२ मध्ये उतरवावे लागले, कारण ख्रिस वेबरसारख्या खेळाडूंनी बाहेरच्या माणसाकडून पैसे घेतल्याचं निघालं. वर लावलेलं खाली उतरवणं फार वाईट दिसतं.

आयोवाकर
बापू, क्लार्कने ज्याचा गुणांचा विक्रम मोडला त्या पीट मॅराविचकडे बघा. ३,६६७ गुण, तेही तीनच हंगामांत आणि लांबून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेघ नसताना. १९७० मध्ये तो लुइझियाना स्टेटमधून बाहेर पडला. १९८८ मध्ये चाळिसाव्या वर्षी, हौशी सामना खेळतानाच गेला. त्याच वर्षी स्टेडियमला त्याचं नाव मिळालं. २३ नंबर निवृत्त झाला २००७ मध्ये. तो बघायला पीट नव्हता. इतकं थांबून काय साधलं?

गणिती
व्यवहाराचंही बघा. २०२३ पर्यंत कॉलेजमध्ये ६ ते ९ हे आकडे जर्सीवर चालतच नव्हते, कारण पंच फाउल कोणाचा ते बोटांनी दाखवतो, एका हाताला पाचच बोटं. म्हणजे ०० ते ५५ मधले फक्त ३७ नंबर. दर दोन-चार वर्षांनी एक काढून घेतला तर नव्या पोरांना काय देणार? केंटकी जर्सी टांगतं, पण नंबर वापरात ठेवतं. मला तेच योग्य वाटतं. आपल्याकडे २०१७ मध्ये पालघरच्या शार्दुल ठाकूरने क्रिकेटमध्ये सचिनचा १० नंबर घातला तर केवढा गहजब झाला, शेवटी ५४ घ्यावा लागला. त्या पोराचा काय दोष होता?

केतकी
मला पुतळा जास्त भिडतो. साउथ कॅरोलायना विद्यापीठात तिथली बास्केटबॉलपटू ए'जा विल्सनचा पुतळा २०२१ च्या जानेवारीत, मार्टिन ल्यूथर किंग दिनी उभा राहिला. ती म्हणाली होती की तिच्या आजीला या विद्यापीठाच्या आवारातून चालूही देत नसत, वळसा घालून जावं लागे. आज नात तिथे ब्राँझमध्ये उभी आहे. तिचाही नंबर २२, आणि तोही २ फेब्रुवारी २०२५ लाच निवृत्त झाला.

माळरान
केतकीताई, वाचून गलबलून आलं. मॅराविचबद्दलही आयोवाकरांचं मान्य, इतकी वर्षं थांबायला नको होतं. पण ए'जा चारही वर्षं तिथेच खेळली, हे विसरू नका. माझा आग्रह त्या नात्याचा आहे.

तिठा
मग अट नात्याचीच ठेवा. ब्रँडने दोनच वर्षं दिली, पण त्यातल्या दुसऱ्या वर्षी ड्यूकला अंतिम सामन्यापर्यंत नेलं. तेवढं मला पुरेसं आहे.