रुग्णालयात दाखल मधुमेही रुग्णाची साखर घसरू नये म्हणून काय सांभाळावे?

प्रश्न (राजापूर)
माझ्या ७२ वर्षांच्या आईला पायाच्या जखमेसाठी रत्नागिरीतील एका रुग्णालयात दाखल केले आहे. तिचा डबा गावाहून एसटीने येतो. गाडी रखडली की जेवणही लांबते; इन्सुलिन मात्र ठरलेल्या वेळी दिले जाते. परवा तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि ग्लुकोमीटरवर साखर ५८ दिसली. ग्लुकोज पाजल्यावर ती सावरली. असे पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय करावे?

उत्तर (परिचारिका, चिपळूण)
डबा पोहोचल्याशिवाय जेवणाआधीचे इन्सुलिन देऊ नये, हे वॉर्डातील सिस्टरना आजच सांगून ठेवा. रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी देतात, लिस्प्रो किंवा अस्पार्ट ही जलद काम करणारी इन्सुलिन ताट समोर आल्यावर. आणि रुग्ण किती खाईल याचा भरवसा नसेल, तर डॉक्टर हे जलद इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर द्यायला सांगू शकतात. आईने अर्धीच पेज खाऊन वाटी बाजूला सारली, तरी ते कळवायला हवे. घरचे इन्सुलिन वापरत असाल, तर बाटली आणि सिरिंज दोन्ही दाखवा. आपल्याकडे ४० आणि १०० (एका मिलीलिटरमधील युनिट) अशा दोन ताकदींचे इन्सुलिन मिळते; ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे केशरी. १०० चे औषध ४० च्या सिरिंजने भरले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते.

उत्तर (निवृत्त फिजिशियन, कुडाळ)
सिस्टरांचे म्हणणे अगदी योग्य आहे. तरीही सगळा दोष डब्यावर टाकू नका. जखमेतला जंतुसंसर्ग ओसरू लागला की इन्सुलिनची गरज कमी होते. मूत्रपिंडाचे काम मंदावले, तर इन्सुलिन आणि ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्या यांचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासले आहे का, हे विचारा. साखर ७० च्या खाली गेल्यावर शुद्धीवरील रुग्णाला १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही घालू नये, शिरेतून ग्लुकोज द्यावे लागते. मात्र साखर वर आली म्हणून तेवढ्यावर थांबणे मला मान्य नाही. कारण शोधून पुढचा डोस त्याच दिवशी बदलायला हवा. दाखल असलेल्या बहुतेक रुग्णांसाठी १४० ते १८० ही पातळी पुरेशी मानतात. ती १०० च्या आसपास आणण्याचा आग्रह धरू नका.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. आईची जखम स्वच्छ करण्यासाठी तिला उद्या उपाशी ठेवणार आहेत. सकाळचे इन्सुलिन द्यायचे का?

उत्तर (निवृत्त फिजिशियन, कुडाळ)
जेवणासोबतचे सहसा देत नाहीत. दीर्घकाळ चालणारे मात्र पूर्ण बंद न करता बहुधा कमी करतात. किती द्यायचे, हे तिच्या डॉक्टरांकडून आज रात्रीच केसपेपरवर लिहून घ्या.