मदत हवी आहे : बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या मराठी सिनेमाचा वीकेंड अंदाज

शुक्रवारी लागणाऱ्या मराठी सिनेमाची तीन दिवसांची नेट कमाई काढायची आहे. फक्त बेळगाव, खानापूर, निपाणी; महाराष्ट्र धरायचा नाही.

हिशेब असा करतो: 240 सीटचा पडदा, दिवसाला 4 शो, तिकीट 150, भरणा (भरलेल्या सीटा) 25 टक्के. म्हणजे 240 तिकिटं, 36,000 ग्रॉस. तिकिटातच धरलेला 18 टक्के जीएसटी काढून (36,000 भागिले 1.18) नेट साधारण 30,500. (100 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला 5 टक्के, ते वेगळं मोजतो. नाहीतर सिंगल स्क्रीनचा आकडा उगाच खाली येतो.) ऑनलाइन बुकिंगचा नकाशा शो सुरू व्हायच्या 10 मिनिटं आधी बघतो, कारण सकाळी राखाडी दिसणाऱ्या सगळ्याच सीटा विकलेल्या नसतात, काही थिएटरनेच अडवून ठेवलेल्या असतात.

मल्टिप्लेक्सला हे जमतं. घोडं अडतं ते सिंगल स्क्रीनला: तिथली बरीच तिकिटं खिडकीवर जातात, नकाशात दिसतच नाहीत. शुक्रवारच्या तिप्पट धरून पाहिलं, तर सणाला जोडून आलेल्या शुक्रवारी अंदाज फुगतो. सुट्टीची गर्दी पहिल्याच दिवशी येऊन जाते. शिवाय चंदगडचा प्रेक्षक बेळगावात येतो, निपाणीचा कोल्हापूरला जातो. त्यामुळे कोल्हापूरचं प्रमाण इकडे लावता येत नाही, तेही करून झालं.

वितरकाचा डीसीआर (रोजच्या कमाईचा अहवाल) मिळणार नाही, तो मार्ग सुचवू नका.

खिडकीवरच्या विक्रीसाठी ऑनलाइन आकड्याला किती पटीनं गुणता? आणि मॅटिनी व रात्रीच्या शोला वेगवेगळा गुणक लावता का?